शेवटचा मेसेज कोणाचा? एका फोटोग्राफरच्या हुकलेल्या चौकशांचं प्रकरण

हे प्रकरण एका फोटोग्राफरचं आहे. लग्नं आणि घरगुती फोटो हे त्यांचं मुख्य काम. अकरा वर्षं या धंद्यात आहेत, एकटेच शूट करतात, हाताखाली एडिटिंगला एक मुलगी आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि ग्राहकांचे मेसेज आशय तोच ठेवून वेगळ्या शब्दांत दिले आहेत.

मार्केटिंगसाठी मदत मागायला माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं निदान तयार होतं. "मॅडम, मला फक्त रील्स कशा करायच्या आणि फॉलोअर कसे वाढवायचे एवढं सांगा. काम माझं चांगलं आहे, ते लोकांपर्यंत पोचत नाही." मग नेहमीची तक्रार: काल कॅमेरा घेतलेली पोरं आज बुक होतात, रेट पाडून ठेवलेत, लोकांना दर्जा कळत नाही.

काम खरंच चांगलं होतं. गर्दीतही चेहऱ्यावरचा प्रकाश बरोबर पकडलेला, म्हाताऱ्या माणसांचे हात, मागे वळून बघणारं पोर. हे मी खूश करायला सांगत नाही. काम बेताचं असतं, तर पुढचं काहीच उपयोगी पडलं नसतं.

मी म्हटलं, रील्सचं नंतर बघू. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी स्वतःहून विचारलं त्यांचं काय झालं?

"टाइमपास करतात हो. रेट विचारतात आणि गायब."

त्यांचा फोन मी मागून घेतला. एका दुपारी आम्ही तिघं बसलो: ते, एडिटिंगवाली मुलगी आणि मी. तीन महिन्यांतली एकेक चौकशी उघडून मुलगी वहीत टिपत गेली. कोण, कशासाठी, उत्तर किती वेळाने गेलं, पुढे काय. एकूण चौकशा भरल्या ४७. त्यातली बुकिंग झाली ७.

दहा-बारा संभाषणं झाल्यावर मुलगीच म्हणाली, "सर, सगळीकडे शेवटी हिरवंच आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेला मेसेज हिरव्या चौकटीत दिसतो. न झालेल्या ४० चौकशांपैकी ३१ ठिकाणी शेवटची चौकट हिरवी होती. म्हणजे शेवटचं बोलणं यांचं, आणि त्यानंतर समोरून काही नाही. ग्राहक गायब होत होते हे खरं. पण ते कधी गायब होत होते, हे कोणी बघितलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक वेळी ते एकाच गोष्टीनंतर गप्प झाले होते: सात पॅकेजांच्या दरांच्या पीडीएफनंतर.

४७ लोक स्वतःहून विचारत असतील, तर "लोकांपर्यंत पोचत नाही" हे निदान टिकत नाही. रील्स करून ४७ चे शंभर झाले असते, तर गप्प बसणारेही तेवढेच वाढले असते.

त्या बाईंचा मेसेज

४७ पैकी एका मेसेजवर आम्ही अर्धा तास घालवला. पुढचं सगळं काम त्यातूनच निघालं, म्हणून तो जवळपास पूर्ण देते.

"नमस्कार. तुमचे फोटो खूप आवडले. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, त्यानिमित्ताने सगळ्या घराचे फोटो काढायचेत. आम्ही नऊ जण, त्यात दोन लहान मुलं. पण आम्ही काही मॉडेल नाही, साधी माणसं आहोत. बाबांना तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की नको होतं. चालेल ना?"

उत्तर साडेपाच तासांनी गेलं होतं. "हो चालेल." खाली पीडीएफ. खाली "कोणतं पॅकेज ते कळवा." हिरवं, हिरवं, हिरवं. संपलं.

मी विचारलं, या बाई काय विचारतायत?

"रेट."

रेट हा शब्द मेसेजमध्ये कुठे आहे ते दाखवा म्हटलं. त्यांनी पुन्हा वाचलं. नव्हता. मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्या घाबरल्यायत."

बरोबर ओळखलं होतं तिने. या बाईंच्या डोक्यात वडील होते. नऊ जणांना एका दिवशी गोळा करायचं, त्यात एक माणूस कॅमेरा बघून ताठ होतो, आणि सगळा खटाटोप करून फोटोत तेच ताठ तोंड आलं तर? "चालेल ना?" या दोन शब्दांत ती काळजी होती. तिला "हो चालेल" हे उत्तर व्याकरणाने बरोबर आहे, पण धीर देत नाही. त्यावर सात पॅकेजांची यादी म्हणजे, डॉक्टरांना दुखणं सांगावं आणि त्यांनी औषधांचं दरपत्रक हातात द्यावं, तसं झालं.

यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की बुजलेल्या माणसांना मोकळं करण्यात हे गृहस्थ वस्ताद आहेत. ते मला नंतर कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नाही.

कोणाशी बोलणं चाललंय?

बाईंना "आम्ही मॉडेल नाही" असं का लिहावंसं वाटलं, हे फोटोग्राफरचं इन्स्टाग्राम उघडल्यावर कळलं. वरच्या तीन ओळींतले सगळे फोटो मॉडेलचेच होते. वर्कशॉपमध्ये, ठरवून, नाट्यपूर्ण प्रकाशात काढलेले. खाली कॅप्शनमध्ये लेन्स आणि लाइटचे तपशील: "८५ एमएम, एफ १.४, सिंगल सॉफ्टबॉक्स, नो फिल लाइट." त्याखाली शाबासकी: "कडक!", "टोन्स जबरदस्त", "सेटअप सांगा ना भाऊ". मी एकेक प्रोफाइल उघडून बघितलं. कॉमेंट करणारे जवळपास सगळे फोटोग्राफर.

सगळं बोलणं धंदाबंधूंशी चाललं होतं. त्यात गैर काही नाही. कसबी माणसाला दुसऱ्या कसबी माणसाची दाद हवीच असते. पण फोटोग्राफर फोटोग्राफरला बुक करत नाहीत. पैसे देणारा माणूस त्या पानावर येतो तेव्हा त्याला परक्या भाषेतल्या मैफिलीत शिरल्यासारखं होतं. तो मागच्या दाराने निघून जातो, किंवा त्या बाईंसारखा आधी माफी मागूनच बोलायला सुरुवात करतो.

ही चूक किती जुनी आणि तिचं उत्तरही किती जुनं, हे कोडॅकच्या उदाहरणावरून दिसतं. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. तोवर फोटोग्राफी म्हणजे काचेच्या प्लेटी, रसायनं, अंधारी खोली. या कॅमेऱ्यात १०० फोटोंचं फिल्म भरूनच यायचं. ते संपलं की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा, फोटो धुऊन आणि नवं फिल्म भरून परत यायचा. जाहिरातीत लेन्सचं कौतुक होऊ शकलं असतं. त्याऐवजी त्यांनी सांगितलं: बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. लोकांना ज्याची धास्ती होती ते आम्ही अंगावर घेतो, एवढंच ते वाक्य म्हणतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून एफ १.४ लिहितोय.

(कॅप्शनमध्ये तांत्रिक माहिती टाकूच नये असं मी म्हणत नाही. वर्कशॉप घेऊन शिकवणं हाही ज्यांचा धंदा आहे त्यांना तीच ग्राहकांची भाषा. यांचा तो धंदा नव्हता.)

जुन्या ग्राहकांना फोन

पुढचा आठवडा मी त्यांच्या जुन्या ग्राहकांशी बोलण्यात घालवला. त्यांनी स्वतः आधी विचारून ठेवलं होतं, मग मी फोन केले. सहा घरं. "काम कसं वाटलं?" हा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला "छान" याखेरीज उत्तर येत नाही. मी दोनच गोष्टी विचारल्या. बुक करण्याआधी कशाची धाकधूक होती? आणि त्या दिवसातलं आज काय आठवतं?

पहिल्या प्रश्नाला सहापैकी पाच जणांनी आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या तरी दिसण्याचा, अवघडण्याचा विषय काढला. वजन वाढलंय, दात पुढे आहेत, मुलगा एका जागी थांबत नाही, नवरा हसतच नाही. रेट महत्त्वाचा होता असं दोघांनी सांगितलं, पण धाकधूक म्हणून कोणीच नाही.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. एक बाई म्हणाल्या, "मला हातांचं काय करायचं तेच कळत नव्हतं. ते म्हणाले, हातांना काम द्या, मुलाची कॉलर नीट करा. तेवढ्यात फोटो काढूनही झाला." एका मुलाने सांगितलं, की त्याचे वडील फोटोसाठी उभे राहायला तयारच नव्हते. फोटोग्राफर दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून त्यांच्याशी त्यांच्या पहिल्या सायकलबद्दल बोलत बसले. "आमच्याकडे बाबांचा हसरा फोटो तेवढा एकच आहे."

हे मी परत येऊन सांगितलं तेव्हा ते जरा गडबडले. "ते तर मी नेहमीच करतो. त्यात काय सांगायचं?"

मार्केटिंगसाठी मदत मागायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कसबी माणसाकडून मी हे वाक्य ऐकलं आहे. जे सहज जमतं ते त्यांना सांगण्यासारखं वाटत नाही, आणि जे शिकायला कष्ट पडले (लायटिंग, लेन्स, सॉफ्टवेअर) तेच मोठं वाटतं. ग्राहकाच्या लेखी बहुतेक वेळा उलटं असतं.

काय बदललं

पहिल्यांदा पोर्टफोलिओ. वेबसाइटवर तीनशेच्या वर फोटो होते. आम्ही पाच घरं निवडली आणि प्रत्येक घराचं अख्खं शूट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवलं. आधीचे अवघडलेले फोटोही त्यात ठेवले. यावर भांडण झालं. "खराब फोटो मी माझ्या नावावर कसे टाकू?" खराब नकोत, म्हटलं. पण पहिल्या पाच मिनिटांतला ताठ उभा माणूस आणि चाळिसाव्या मिनिटातला तोच माणूस शेजारी शेजारी दिसू दे. तो फरक तुम्ही घडवलाय, तो दाखवला नाही तर कळणार कसा? शेवटी त्यांनी दोन घरांसाठी ऐकलं, तीन ठिकाणी स्वतःचं खरं केलं. ठीक आहे.

फोटो टाकण्याआधी प्रत्येक घराची लेखी परवानगी घेतली, मुलांच्या फोटोंसाठी आईवडिलांची वेगळी. दोन घरांनी नको म्हटलं. त्यातलं एक शूट सगळ्यात देखणं होतं. ते गेलं.

इन्स्टाग्रामवर पानाच्या वर तीन पोस्ट पिन करून ठेवता येतात. तिथे मॉडेल हटवून तीन घरं आली. "हातांना काम द्या" हे त्या बाईंच्या शब्दांत, त्यांना विचारून, एका पोस्टची पहिली ओळ झालं. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरचे फोटो चौकोनी न दिसता उभे दिसू लागले, त्यामुळे जुन्या चौकोनी फोटोंच्या कडा कापल्या जात होत्या आणि दोनतीन ठिकाणी तर माणसंच अर्धी झाली होती. तेही त्याच फेरीत आवरलं.

वेबसाइटची पहिली ओळ होती "क्षणांना अमर करणारा प्रकाशाचा किमयागार". अशा ओळींसाठी माझी एक परीक्षा आहे. तिच्याखाली दुसऱ्या कोणत्याही फोटोग्राफरचं नाव लिहून बघायचं. ओळ तशीच खरी वाटली, तर ती कोणाचीच नाही. नवी ओळ साधी केली: "फोटो काढून घ्यायला न आवडणाऱ्या माणसांचे फोटो मी आवडीने काढतो." ती वाचून त्यांच्या एका फोटोग्राफर मित्राने फोन करून हसून घेतलं. ते मला बरंच लक्षण वाटलं.

वेबसाइटचं तांत्रिक काम एका दिवसाचं होतं, लांबण लावत नाही. पहिलाच फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसा, १४ एमबीचा, चढवला होता. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं मार्गदर्शन आहे. इथे मोबाइलवर पांढरं पान बघत बसावं लागत होतं. फोटो लहान केले, आणि कॅमेऱ्याने दिलेले फाइल क्रमांक काढून फोटोत काय आहे ते सांगणारी नावं दिली, कारण सर्चला फोटो समजायला फाइलचं नाव आणि सोबतचं वर्णन उपयोगी पडतं.

उत्तर देण्याची रीत

खरं काम होतं पहिल्या उत्तराचं.

आधी वेळ. त्यांचं म्हणणं, ज्याला खरंच हवंय तो थांबतो. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मार्च २०११ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा मी त्यांना दाखला दिला. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला ज्या कंपन्यांनी तासाभराच्या आत संपर्क केला, त्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासभर जरी उशीर केलेल्यांच्या जवळपास सातपट निघाली. त्याच लेखात तपासलेल्या २,२४१ अमेरिकी कंपन्यांपैकी २३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. कंपन्यांचा आकडा एकट्या फोटोग्राफरला जसाच्या तसा लावायचा नाही, पण दिशा कळते. विचारणाऱ्याने एकालाच विचारलेलं नसतं.

"पण मी दहा तास शूटवर असतो. फोन बघायचा कधी?"

बघूच नये. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपण हजर नसताना आपोआप मेसेज जाण्याची सोय आहे. त्यांनी ती चालूही केली होती: "आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क करेल." एकट्या माणसाचा प्रतिनिधी कोण? त्याऐवजी हे लिहिलं:

"नमस्कार, आत्ता मी एका घरी फोटो काढतो आहे आणि कॅमेरा हातात असताना फोन बघत नाही. आज रात्री नऊच्या आत तुम्हाला नीट उत्तर देईन. तोवर दोन गोष्टी लिहून ठेवाल? तारीख ठरली असेल तर ती, आणि फोटोत कोण कोण असणार आहे."

"कॅमेरा हातात असताना फोन बघत नाही" ही ओळ उशिराची सबब आहे आणि वचनही आहे: तुमच्या दिवशीही मी फोन बघणार नाही. "नऊच्या आत" हे मात्र पाळावंच लागतं. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलं, तेव्हा संध्याकाळची जबाबदारी मुलीकडे दिली.

माझीही एक चूक इथे सांगायला हवी. सुरुवातीला मी दोन नव्हे, अकरा प्रश्नांचा फॉर्म करून दिला होता. कोणत्या प्रकारचे फोटो आवडतात, घरात की बाहेर, कपड्यांचे रंग, अंदाजे बजेट, आम्हाला कुठे बघितलंत. मला तो फार नेटका वाटत होता. पहिल्या नऊ जणांपैकी दोघांनी भरला. बाकीचे तिथेच थांबले. जी गोष्ट पीडीएफने होत होती तीच माझ्या फॉर्मने केली, म्हणजे माणूस बोलायला आला आणि त्याच्या हातात कागद दिला. दहाव्या दिवशी फॉर्म काढून टाकला.

त्यानंतरचं उत्तर असं ठरलं, की आधी माणसाच्या मेसेजमधल्या खऱ्या प्रश्नाला हात घालायचा, मग एक प्रश्न विचारायचा, आणि पैशांचं त्याच मेसेजमध्ये सांगून टाकायचं. चाळीस वर्षांच्या लग्नवाल्या बाईंचा मेसेज सरावाला घेतला. त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं? चार खर्डे झाले. पहिला मी लिहिलेला होता आणि त्यात "अविस्मरणीय" हा शब्द होता. मुलीने तो खोडला. शेवटचा खर्डा त्यांचा स्वतःचा:

"चाळीस वर्षं! आधी आईबाबांना नमस्कार सांगा. बाबांची काळजी करू नका. ज्यांना कॅमेरा नको असतो त्यांच्यापासून मी कधीच सुरुवात करत नाही. आधी मुलांचे फोटो काढतो, तोवर तेही सैलावतात. एक सांगा, बाबा कोणत्या विषयावर बोलायला लागले की थांबत नाहीत?" आणि खाली दोन ओळींत कमीत कमी रक्कम, त्यात काय येतं आणि ती कशाने वाढते.

कोणी शिकवून असं लिहिता येत नाही. ते त्यांच्याकडे होतंच, फक्त फोनवर टाइप करताना त्यांना "प्रोफेशनल" व्हायचं असायचं.

रक्कम उघड सांगण्याला त्यांचा बराच विरोध होता. आकडा बघून पळतील. मी म्हटलं, पळणारे पीडीएफ बघूनही पळतातच, आणि न परवडणाऱ्या माणसाला आकडा आधी कळला तर तो संकोचाशिवाय बाजूला होतो. सोनं, चांदी, प्लॅटिनम अशा नावांची सात पॅकेजं तीनवर आणली आणि नावं काढून टाकली. कोणत्या पॅकेजमध्ये किती शीटचा अल्बम, हे वाचून ग्राहकाला काही उमगत नाही. शीट म्हणजे काय हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं. "अर्धा दिवस, एक घर, साधारण साठ निवडक फोटो" हे कळतं.

उत्तर देऊनही समोरून काही आलं नाही तर? "पुन्हा विचारणं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं," हे त्यांचं वाक्य. "काय ठरलं?" असा मेसेज खरंच तसाच वाटतो, कारण त्यात मागणं आहे. आम्ही चार दिवसांनी एकदाच पाठवायचा मेसेज लिहिला: "तुमची तारीख शनिवारपर्यंत मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. दुसरीकडे ठरलं असेल तरी एका शब्दात कळवा, मग मी ती मोकळी करतो." आणि अट अशी, की तारीख खरोखर राखलेली असेल तरच पाठवायचा. "शेवटच्या दोनच जागा" छाप खोटी घाई माणसाला वास येऊन कळते. आश्चर्य म्हणजे "दुसरीकडे ठरलं" असं सांगणारेही उत्तर देऊ लागले, आणि त्यातल्या एकीने पुढे तिच्या बहिणीला यांच्याकडे पाठवलं.

बुकिंगनंतरची गळती

फोटो हातात पडायला दोन-दोन महिने लागत होते. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं, जुन्या ग्राहकांच्या फोनवर निघालं. माणूस शूटनंतरच्या आठवड्यात सगळ्यांना त्या दिवसाबद्दल सांगत असतो. त्या वेळी त्याच्या हातात दाखवायला काही नसतं, आणि दोन महिन्यांनी फोटो येतात तेव्हा विषय शिळा झालेला असतो.

एडिटिंग पटकन उरकणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. म्हणून दोन दिवसांत दहा फोटो पूर्ण तयार करून पाठवायचे आणि उरलेल्यांची तारीख लिहून द्यायची, असं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन बारीक तपशील जातात, एचडीचा पर्याय घेतला तरी मूळ फाइल जात नाही. ग्राहक पुढे पाठवतो ती हीच प्रत, आणि तिच्यावरूनच नवा माणूस मत बनवतो.

अभिप्रायांबाबत त्यांची एक योजना होती: गुगलवर पाच तारे द्या, अल्बमवर सूट घ्या. ती थांबवली. अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि खूश ग्राहकांनाच वेचून लिहायला सांगणंही बसत नाही. त्यामुळे आता फोटो पोचल्यावर सगळ्यांनाच एक ओळ जाते: बुक करण्याआधी तुम्हाला कशाची काळजी वाटत होती आणि तिचं काय झालं, ते दोन वाक्यांत लिहाल का? एकाने तीन तारे दिले आणि उशिराबद्दल लिहिलं. आम्ही त्याला तिथेच उत्तर दिलं आणि सबबी न सांगता चूक मान्य केली.

पुढचे तीन महिने

चौकशा कमी झाल्या, ४७ वरून ३५. फॉलोअरही घटले, त्यात बरेचसे फोटोग्राफरच होते. बुकिंग झाली १३. हे माझ्या युक्त्यांचं फळ आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. एकाच माणसाचे तीन महिने आहेत, हंगाम थोडा वेगळा होता, शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नाही. मोठ्या लग्नांची कामं तर वाढलीच नाहीत. तिथे निवड बहुतेक ओळखीतून होते आणि त्याला आम्ही हात लावलेला नाही. वाढली ती घरगुती शूटची कामं.

चाळीस वर्षांच्या लग्नवाल्या बाईंना त्यांनी उशिरा का होईना मेसेज केला. कार्यक्रम होऊन गेला होता. दुसऱ्या कोणाकडून फोटो काढले होते, छान आले होते, असं त्यांनी कळवलं.

गेल्या महिन्यात त्यांनी मला एक स्क्रीनशॉट पाठवला. कोणा मुलाची चौकशी होती: आजीचे फोटो हवेत, पण ती फार बोलत नाही आणि फोटोला नकोच म्हणते. यांचं उत्तर एका ओळीचं होतं, "आजींचे हात दिवसभर कशात असतात?" त्याखाली पांढऱ्या चौकटीत उत्तर आलं होतं. विणकाम, कुंडीतली झाडं, जुन्या साड्यांच्या गोधड्या, नातवाला न सांगता शिवून दिलेला खिसा. स्क्रीनभर. स्क्रीनशॉटमध्ये ते पूर्ण मावलंही नव्हतं.